निळ्या चौकडीचं उपरणं

१

सोमवारी सकाळी साडेनऊला दुर्गाबाईंनी फळीकडं हात केला आणि तो तसाच अधांतरी राहिला. निळ्या चौकडीचं उपरणं जागेवर नव्हतं.

अंबडच्या कोर्टामागच्या त्या दोन खोल्यांत फायली नावानं ओळखत नसत. वकील अप्पाराव खंदारे यांची ती जुनी खोड. नवा पक्षकार आला की ते त्याच्याकडून दोनच गोष्टी मागत: खरी हकिकत आणि घरातलं एक फडकं. हकिकत कागदावर उतरायची आणि कागद त्याच्याच फडक्यात बांधले जायचे. असे बस्ते फळीवर उभे. कुणाच्या लुगड्याचा पदर, कुणाचं धोतर, कुणाच्या उशीचा अभ्रा. एकदा वडीगोद्रीच्या एका म्हातारबांनी गोणपाट आणलं होतं. तेही साहेबांनी घेतलं. "लाल फीत सरकारची," ते म्हणायचे. "फडकं माणसाचं. हात लावला की माणूस आठवला पाहिजे."

खटल्याचा निकाल लागला की साहेब ते फडकं स्वतः धुवायचे, घडी करायचे आणि एस.टी.नं त्या गावाला जाऊन परत देऊन यायचे. कागद मग लोखंडी पेटीत. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अशी परत आलेली फडकी होती. आजारी कैद्याला दवाखान्यातल्या खाटेला बेडी घालता येणार नाही, हा हुकूम ज्या टॉवेलात बांधून होता, तो टॉवेल परतूरच्या एका हमालानं म्हणे पुन्हा अंगाला लावला नाही. वाळीत टाकलेल्या सोळा घरांचं रेशन ज्या लुगड्यानं परत आणलं, त्याची गोधडी झाली आणि ती गोधडी आजही कुणीतरी पांघरतं.

निळ्या चौकडीचं उपरणं बद्रीनाथचं. खडी क्रशरवर मजुरांची संघटना बांधणारा पोरगा. तारीख चारला क्रशरवर दगडफेक झाली, यंत्रं फुटली, एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी बद्रीनाथला म्होरक्या ठरवलं आणि सातला अटक दाखवली. खरी गोष्ट अशी की त्याला त्यांनी तीनलाच उचललं होतं आणि कुठंही नोंद न करता कोठडीत बसवलं होतं. म्हणजे दगड पडत होते तेव्हा म्होरक्या खुद्द पोलिसांच्याच गजाआड होता. हे सांगणारा माणूस सबंध तालुक्यात एकच: चहावाला पुंजाराम. चार तारखेला त्यानं कोठडीत बद्रीनाथला चहा आणि खिचडी नेऊन दिली होती. त्याचं सहीचं शपथपत्र त्या उपरण्यात होतं. बुधवारी औरंगाबादच्या खंडपीठात सुनावणी होती आणि न्यायमूर्तींनी मूळ कागद मागितला होता.

आणि पुंजाराम आता पुन्हा सही करणार नव्हता. त्याला कुणीतरी दम दिला होता.

दुर्गाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाजाराच्या दिवशी गाडीत माणसं बसतात तसे बस्ते एकमेकांना खेटून उभे होते. त्यात उपरणं नव्हतं.

साहेबांच्या टेबलावर मात्र मुंग्यांची लांब रांग लागली होती.

२

ज्युनिअर काकासाहेब आले तेव्हा दुर्गाबाई पोत्याच्या तुकड्यानं मुंग्या झाडत होत्या. रांग टेबलावरून भिंतीवर, भिंतीवरून बाबासाहेबांच्या तसबिरीकडं गेली होती. तसबिरीच्या चौकटीवर सुपारीएवढा गुळाचा खडा.

"चहा सांडला असेल," काकासाहेब म्हणाले.

"साहेब बिनसाखरेचा पितात," दुर्गाबाई म्हणाल्या. "आणि तसबिरीवर चढून पीत नाहीत."

मग त्यांनी काय गेलं ते सांगितलं. दोघांनी मिळून एकेक बस्ता उघडला, न जाणो कागद दुसऱ्यात मिसळले असतील. सतरा बस्ते झाले. अठरावा कोपऱ्यातला, किरमिजी पटक्यात बांधलेला. काकासाहेबांनी त्याला हात घातला.

"तो राहू द्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "तो माझा आहे."

काकासाहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. त्या बस्त्याबद्दल अंबडच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

जालना जिल्हा नवा झाला त्या उन्हाळ्यात, एक्क्याऐंशी साली, पंपाच्या चोरीच्या संशयावरून दुर्गाबाईंच्या नवऱ्याला, रामरावला, ठाण्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत आलं आणि प्रेतासोबत चोर हा शब्द आला. तेव्हा अप्पाराव नवे वकील होते. सायकल होती, तिला घंटी नव्हती. दोन वर्षं लढले. रामराव परत येणार नव्हताच, पण कोर्टानं लिहून दिलं की तो निर्दोष होता आणि तो कसा मेला याचा जाब ठाण्यानं द्यावा. दोघा पोलिसांची नोकरी गेली. दुर्गाबाईंना त्या दिवशी एकच कळलं, की कागदावर रामराव चोर म्हणून मेला नाही.

फी द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं. साहेबांनी विचारलं, "वाचता येतं?" चौथी, म्हणाल्या. साहेबांनी टाइपरायटरवरचं कापड काढलं. पहिल्या अर्जाला सहा दिवस लागले. आता साहेब बोलायचे थांबायच्या आधी कागद निघतो.

रामरावचा पटका मात्र त्यांनी कधी परत नेला नाही, आणि साहेबांनी कधी नेऊन दिला नाही. निकाल लागलेला तो एकच बस्ता फळीवर होता. दुर्गाबाई त्याच्यावरची धूळसुद्धा त्याच्याकडं न बघता झाडत.

दुपारी साहेब आले. ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. तेरा वर्षांत तो कुणी ऐकलाच नव्हता.

"शनिवारी इथं कोण होतं?"

शनिवारी साहेब औरंगाबादेत होते, दुर्गाबाई बहिणीकडं परतूरला. काकासाहेबांनी खाली बघितलं.

"मी होतो," ते म्हणाले. "एक वाजेपर्यंत. कुलूप लावूनच गेलो."

ते खोटं बोलत होते. खोटं बोलताना ते पेनचं टोपण काढघाल करतात, हे दुर्गाबाईंना नऊ वर्षं माहीत होतं.

३

दुर्गाबाईंनी त्यांना तिथं पकडलं नाही. गेल्याच आठवड्यात काकासाहेबांनी आपल्या सनदेची नक्कल त्यांच्याकडून टाइप करून घेतली होती. साहेब आत गेल्यावर टाइपरायटरमध्ये कागद चढवता चढवता सहज विचारावं तसं विचारलं, "अर्ज कुठं केला, काकासाहेब? जालन्याला का मुंबईला?"

टोपण खाली पडलं.

त्यांनी सरकारी वकिलाच्या जागेसाठी अर्ज केला होता. शनिवारी अकराला शिफारशीसाठी एकाला भेटायला गेले होते. दार नुसतं ओढून घेतलं होतं, कुलूप एकला परत आल्यावर लावलं. साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणाले. घरी तीन पोरं आहेत, इथं पक्षकार फी म्हणून शेंगा आणतात.

दुर्गाबाईंना त्यांचा राग आला, आणि शेंगांचं आठवून थोडा गेलाही. माणूस लबाड नव्हता, फक्त लाजला होता. पण याचा अर्थ असा की अकरा ते एक दार उघडं होतं.

त्या समोरच्या टपरीवर गेल्या. पुंजाराम गाळणी आपटत होता. बस्ता गेल्याचं तिथं आधीच कळलं होतं. बाकावर भुजंग हवालदार बशीत फुंकर मारत होते. गेल्या शुक्रवारी नोटीस द्यायला ते कचेरीत येऊन गेले होते. फळीकडं बराच वेळ बघत होते. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"माझ्याकडं काय बघता, बाई?" भुजंग म्हणाले. "आम्ही न्हेला असता तर कुलूप तुटलं असतं, दार मोडलं असतं, वर दोन खुर्च्या. हळू काम आमच्या खात्याला जमत न्हाई."

हे इतकं बरोबर होतं की दुर्गाबाईंनी त्यांचं नाव तिथंच मनातून पुसलं. बशी ठेवून भुजंग गेले तशी पुंजारामची गाळणी थांबली.

"म्या आल्तो शनिवारी," तो आपणहून म्हणाला. आवाज अगदी खाली. "कागद परत मागायला. खोटं कशाला सांगू? तुमच्या साहेबानं माझी टपरी उठू दिली न्हाई, ते म्या इसरलो न्हाई. पण भ्या वाटतं, बाई. रोज कुणी ना कुणी येऊन चहा पितंय अन् माझ्याकडं बघून हसतंय."

"मग घेतलास कागद?"

"आतच गेलो न्हाई. एक म्हातारी होती. पाठमोरी. खाली कायतरी ठिवून त्याच्यावर पाय देऊन आवळीत होती, चाऱ्याचा भारा आवळावा तशी. म्हणलं भाकर बांधून राह्यली असंल. निघून आलो."

दुर्गाबाईंच्या हातातला चहा निवला. काहीतरी आवळणारी म्हातारी; गूळही तिनंच ठेवला असणार. चोरी करायला आलेलं माणूस गूळ कशाला ठेवून जाईल?

४

साहेबांचा एक नियम होता: ज्याचं गेलं त्याला आधी सांगायचं. निरोप धाडायचा नाही, जाऊन सांगायचं. मंगळवारी सकाळी त्यांना स्वतःला जालन्याच्या तुरुंगात बद्रीनाथकडं जायचं होतं. घरी सांगायला त्यांनी दुर्गाबाईंना पाठवलं.

वडीगोद्रीच्या गाडीत दुर्गाबाई वाक्यं जुळवत होत्या. एकही जुळेना. बद्रीनाथची आई गोजरबाई दर सोमवारी अंबडला यायची, बस्त्याला हात लावायची आणि म्हणायची, "हाये ना इतंच? मंग ठीक." तिला वाचता येत नव्हतं. उपरणं दिसलं की तिचा पोरगा सुखरूप.

आणि काल सोमवार असून ती आली नव्हती. दुर्गाबाईंना हे आत्ता, गाडीत सुचलं.

घर शेवटच्या आळीला. दारात लिंबाची डहाळी खोचलेली. गोजरबाई ओट्यावर आडवी आल्यासारखी उभी राहिली. बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. ज्या बाईनं दुष्काळातही दुर्गाबाईंना चहाशिवाय सोडलं नव्हतं, ती दारातून हलेना. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

दुर्गाबाईंची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. नुकतं धुतलेलं, ओलं, निळ्या चौकडीचं उपरणं.

गोजरबाईनं ती नजर पाहिली. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. तिनं बोट ओठावर ठेवलं.

"उद्या सांजच्याला ये, माय," ती म्हणाली. "मंग सगळं बोलू. आज काही इचारू नको. तुला रामरावची आण हाये."

उपरणं सापडलं होतं. पण मग शपथपत्र कुठं होतं? चुलीत?

दुर्गाबाई मागं फिरल्या. आण रामरावची होती.

५

परतीच्या गाडीला पाऊण तास होता. रस्त्याकडेच्या दुकानाच्या सावलीत दुर्गाबाई पोत्यावर बसल्या आणि टाइप करतात तसा एकेक मुद्दा मनात मांडत गेल्या.

दारात लिंब, घरात ओव्याची धुरी. म्हणजे बाळंतीण. बद्रीनाथच्या बायकोचे दिवस भरलेच होते. तिची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. जिथं असं होतं, तिथं जुन्या बायका पाचवी पुजेपर्यंत लेकराचं नाव काढत नाहीत, लेकरू झालं असं शेजारणीलाही सांगत नाहीत. सटवाईला ऐकू जातं. उद्याची सांज म्हणजे पाचवी. मोजलं तर लेकरू शनिवारचं.

आता उपरणं. जन्मलेल्या लेकराला नवं कापड घालत नाहीत; घरातल्याच माणसाच्या अंगाचं जुनं, मऊ फडकं लागतं. या लेकराला बापाचंच हवं होतं, दोन गेल्यावर म्हातारी दुसरं कशावर विसंबेल? बापाकडं दोन सदरे, दोन्ही त्याच्याबरोबर तुरुंगात. बापाच्या अंगाचं बाहेर एकच होतं, आणि ते फळीवर होतं. म्हणून मिळेल त्या गाडीनं ती अंबडला आली. कचेरी उघडी, आत कुणी नाही. कुणी असतं तरी कशाला हवं ते तिला सांगता आलं नसतं. तिनं फडकं घेतलं आणि आनंदाचा गूळ ठेवला. देव्हारा नव्हता, तर जो दिसला त्याच्यापुढं.

इथवर सरळ होतं. पण कागद?

जी बाई दर सोमवारी बस्त्याला हात लावायला येते, ती त्यातले कागद टाकणार नाही. नेणारही नाही, तिच्या लेखी ते फळीवर होते तोवरच पोरगा सुखरूप. ती ते पुन्हा बांधणार. पायाखाली घेऊन, भारा आवळतात तसं. पण बांधणार कशात? फडकं तर लेकराला निघालं होतं.

दुर्गाबाईंना फळी डोळ्यांपुढं दिसली. बस्ते खेटून उभे. एक बस्ता गेला तर त्याच्या जागी फट पडायला हवी होती. ती कुठं होती? काल त्या काय नाही ते शोधत बसल्या आणि जागा रिकामी आहे का, हे त्यांनी बघितलंच नाही. आणि इतक्या वर्षांत ही सवयच लागली होती. उपरणं नाही म्हणजे कागद नाहीत.

दोघांचे कागद एकात मावतील असं मोठं फडकं फळीवर एकच होतं. अख्खा पटका. अठरापैकी सतरा बस्ते त्यांनी उघडून बघितले होते, आणि उरलेला उघडू दिला नव्हता.

गाडी आली तेव्हा कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.

६

कचेरीत काकासाहेब एकटे होते. दुर्गाबाईंनी काही न बोलता किरमिजी बस्ता खाली घेतला आणि आपल्या टेबलावर ठेवला. तो जड होता. गाठ त्यांची नव्हती. त्या सुरगाठ घालत. ही चाऱ्याच्या भाऱ्याची, दातांनी सोडवावी लागेल अशी.

निकालानंतर पहिल्यांदाच त्यांनी तो बस्ता सोडला.

वर बद्रीनाथचे कागद होते. पुंजारामचं शपथपत्र, सही, शिक्का, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. त्याच्या खाली त्यांचं स्वतःचं, एक्क्याऐंशी सालचं. शेवटच्या पानावर साहेबांच्या हातचं 'वाचून दाखविले, कबूल' आणि शेजारी जांभळा अंगठा. चौथी शिकलेल्या बाईला त्या दिवशी सही करता आली नव्हती. साहेब म्हणाले होते, "अंगठा चालतो, बाई. खरं असलं म्हणजे झालं."

काकासाहेबांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. त्या क्षणी दुर्गाबाईंनी त्यांना शनिवारची माफी देऊन टाकली.

संध्याकाळी साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांना सटवाई मान्य नव्हती, आणि एरवी त्यांनी त्यावर अर्धा तास घेतला असता. या खेपेला नुसतं म्हणाले, "उद्या सांजेपर्यंत कुणाला बोलू नका. म्हातारीला पाचवी करू द्या." मग काकासाहेबांकडं वळून म्हणाले, "आणि तुम्ही त्या जागेवर जरूर जा. तिकडंही खरं बोलणारा एखादा लागतोच. दार मात्र ओढून नाही, लावून जात जा."

पुंजारामला दुर्गाबाईंनी सांगितलं की त्याचा कागद सापडला, हवा असेल तर आत्ताच साहेबांकडं माग. तो स्टोव्हला पंप मारू लागला.

"न्हाई," तो म्हणाला. "चहा तर म्या दिल्ताच की. ऱ्हाऊ द्या तितंच."

बुधवारी चार वाजता औरंगाबादहून एस.टी.डी. बूथवर फोन आला. बद्रीनाथला सोडण्याचा हुकूम झाला होता, आणि तीन ते सात तारखेचा हिशेब ठाण्याला द्यावा लागणार होता. दुर्गाबाईंनी फोन ठेवला आणि वडीगोद्रीची गाडी पकडली.

पाचवी पुजून झाली होती. या खेपेला गोजरबाईनं दार अडवलं नाही. बातमी ऐकून तिनं लेकरू उचललं आणि दुर्गाबाईंच्या मांडीवर ठेवलं. काळंसावळं, मूठ आवळलेलं, निळ्या चौकडीत. नाव कडूबा ठेवायचं ठरलं होतं, म्हणजे कुणाची नजर जायला नको.

"फडकं इचारून न्हेलं न्हाई, माय," गोजरबाई म्हणाली. "तुज्या मालकाच्या पटक्यात माज्या पोराचे कागद ठिवले. म्हणलं, त्येच्या संगं ऱ्हातील बराबर."

रामरावला लेकरू झालं नव्हतं. पिशवीतून दुर्गाबाईंनी धुतलेल्या किरमिजी पटक्यात गुंडाळलेली कुंची काढली. पटक्याचंच एक टोक कापून रात्रीच त्यांनी ती हातानं शिवली होती. टाके वाकडे होते, शिवण त्यांना कधी आलीच नाही. कडूबाच्या डोक्यावर ती कानांच्या खाली आली. गोजरबाई म्हणाली, वाढंल की त्येचं डोकं, घाई काय हाये.

पुढच्या सोमवारी दुर्गाबाई टाइपरायटरवर होत्या. काकासाहेब फळीपुढं उभे राहून वरखाली बघत होते. त्यांचा आवाज आला, जरा घाबरलेला.

"दुर्गाबाई, तुमचा बस्ता दिसत नाही."

कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, पोपटी पातळाच्या पदरात बांधलेला एक बस्ता उभा होता. सुरगाठ घातलेला. ते पातळ दुर्गाबाईंचं होतं. कालपर्यंत त्या नेसत होत्या.

त्यांनी मान वर केली नाही. ओळ पुरी केली.

"आधी जागा रिकामी आहे का बघा," त्या म्हणाल्या.